आमच्या बॅटऱ्यांना एक सॉकेट द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बॅटरीवर चालणाऱ्या गवत कापायच्या यंत्रांविषयी आपल्या वाचकांच्या पानावर लागोपाठ दोन पत्रे आली. एकाचे म्हणणे, ही यंत्रे घरामागच्या चार हात हिरवळीपुरती ठीक, धंद्यात ती तग धरणार नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, पेट्रोलची यंत्रे आजच्या आज बंद करावीत, ठेकेदार उगाच सबबी सांगतात. मी त्या ठेकेदारांपैकीच एक. कार्यालयांच्या आवारातल्या, वसतिगृहांसमोरच्या, रुग्णालयांभोवतीच्या हिरवळी राखायची कंत्राटे बावीस वर्षे घेते आहे. त्याआधी हेच काम बाबा करत. माझ्याकडे चौदा माणसे आहेत आणि त्यांच्या हातातली एक सोडून सगळी यंत्रे आज बॅटरीवर चालतात. म्हणून दोन्ही पत्रांना उत्तर द्यावेसे वाटले.

सुरुवात बाबांपासून करते, कारण मी बॅटरीकडे वळले ती त्यांच्यामुळे. तीस वर्षे त्यांनी पेट्रोलचे यंत्र ढकलले, पाठीवर ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाने-चुरा उडवणारे यंत्र, वाहिला. साठीच्या आत त्यांचे कान गेले. ठार बहिरे झाले नाहीत. आवाज येई, शब्द लागत नसे. पाचला निघायचे आहे असे सांगितले की ते सातला तयार होत. कानाच्या डॉक्टरांनी मला त्याचे कारण समजावले. सततच्या मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास. स, च, फ, थ यांसारखी व्यंजने ओळखायला माणसाला तीच उंच पट्टी लागते. स्वर खालच्या पट्टीतला, तो पोहोचतो. पाच आणि सात यांच्यात 'आ' एकच, बाकीचे गळून जाते. त्या दिवशी घरी येताना मी माझ्याकडच्या मुलांची वये मोजली. सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा होता आणि तो तीन वर्षांपासून ब्लोअर चालवत होता.

अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास कानावर पडला तर ती मर्यादा, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला एक, 97 ला अर्धा, 100 ला पाव तास. पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभरच्या आसपास सहज जातो. म्हणजे कान उघडे असतील तर दिवसाचा वाटा पंधरा मिनिटांत संपला. आम्ही ते यंत्र तीन-तीन तास चालवत होतो.

हातांचे तेच. इंजिनाच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, थंडीत बोटे पांढरी पडतात, सदऱ्याचे बटण लावता येत नाही. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात दिवसभराच्या कंपनाची मर्यादा दर सेकंद वर्गास 5 मीटर आहे आणि 2.5 ला मालकाने उपाय सुरू करायचे आहेत. माझ्या मुकादमाची दोन बोटे तशी आहेत. त्याने इतकी वर्षे ते मला सांगितले नाही, कारण त्याला वाटले की हे वयाने होते.

आता धुराविषयी. अशा यंत्रांतल्या जुन्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत येते आणि त्याच वेळी जळालेला वायू बाहेर जातो, दोन्ही दारे काही क्षण एकदम उघडी असतात. त्यामुळे इंधनाचा चौथा भाग, कधी त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर पडतो. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि बेंझीन कर्करोग करते, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला शंका नाही. तिने ते पहिल्या गटात घातले आहे. मोटारीचे धुराडे मागे असते आणि माणूस आत बसतो. ब्लोअरचे धुराडे चालवणाऱ्याच्या खांद्यामागे असते. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने एक तुलना दिली आहे: धंद्यात वापरला जाणारा ब्लोअर एक तास चालला तर धुरके बनवणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे 2017 ची टोयोटा कॅमरी सुमारे 1100 मैल चालवल्यावर होते. गवत कापायच्या यंत्राचा एक तास म्हणजे सुमारे 300 मैल. ही तुलना धुरक्यापुरती आहे, कार्बन डायऑक्साइडची नाही. वाचक बऱ्याचदा ती कार्बनची समजून पुढे सांगतात, म्हणून हे स्पष्ट केले. याच राज्याने 2021 मध्ये कायदा केला आणि 2024 पासून बनणाऱ्या बहुतेक नव्या लहान इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट लावली. वॉशिंग्टन शहरात पेट्रोलच्या ब्लोअरवर 1 जानेवारी 2022 पासून बंदी आहे.

बाबांचे कान पाहून नऊ वर्षांपूर्वी मी एका झटक्यात चार ट्रिमर (फिरत्या दोऱ्याने कडेचे गवत कापणारे), दोन ब्लोअर, एक मोव्हर (हिरवळीवर ढकलत गवत कापायचे यंत्र) आणि बारा बॅटऱ्या आणल्या आणि सोमवारी सकाळी पोरांच्या हातात दिल्या. अकरा वाजेपर्यंत बाराही बॅटऱ्या मेल्या. अर्धे आवार कापलेले, अर्धे तसेच, वाटांवर गवताचा चुरा. मुकादम म्हणाला, "ताई, जुनी यंत्रं गाडीत घालून आणू का?" मी हो म्हटले. ती बॅटरीची यंत्रे पुढे आठ महिने कपाटात पडून होती. त्या काळात मला कोणी विचारले असते तर पहिल्या पत्रलेखकाने जे लिहिले आहे तेच मीही सांगितले असते.

चूक कुठे झाली ते मला एका वहीमुळे समजले. दोन आठवडे मी मुकादमाला प्रत्येक यंत्राच्या कामाची नोंद ठेवायला सांगितली. किती वेळ हातात होते ते नको, किती वेळ त्याचा खटका दाबलेला होता ते लिही, असे बजावले. आठ तासांच्या पाळीत ट्रिमरचा खटका दोन तासही दाबलेला नव्हता. माणूस चालतो, वाकतो, दोरा ओढतो, दगड उचलतो, बोलतो. पेट्रोलचे इंजिन त्या सगळ्या वेळात भुरभुरत राहते म्हणून ते आठ तास चालल्यासारखे वाटते. कुंपणाची झाडे कापायच्या कटरचा खटका तर त्याहून कमी. मोव्हर मधला. आणि ब्लोअर? ब्लोअर सुरू झाला की तो सुरूच. पोर एक हात खिशात घालून पूर्ण खटका दाबून चालत राहते.

मग मी हिशेब मांडला. तो वाचकांपुढे ठेवते, कारण या वादात तो कोणीच मांडत नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते (एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास). आम्ही वापरतो ती बॅटरी 36 व्होल्टची, 5 अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर 180 वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा पाचवा भागही नाही. (दुसऱ्या डब्यावर 40 व्होल्ट लिहिलेले दिसले तर भुलू नये. दोन्हींत दहा-दहा सेलांचीच माळ असते. एकाने सरासरी छापली, दुसऱ्याने भरलेल्या बॅटरीचा शिखराजवळचा आकडा.) या हिशेबाने एका लिटरला पन्नास बॅटऱ्या लागाव्यात. पण लहान इंजिन आलेल्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा कामाला लावते, कधी तेवढाही नाही, बाकीची उष्णता होऊन जाते. मोटर मात्र मिळालेल्यातले पंच्याऐंशी टक्के तरी पात्याला देते. तेव्हा एका लिटरची बरोबरी दहा-बारा बॅटऱ्यांशी होते. एक बॅटरी सव्वा ते दीड किलोची. म्हणजे पाऊण किलो पेट्रोलच्या जागी पंधरा-सोळा किलो ओझे.

हा आकडा वाईट आहे आणि मी तो लपवणार नाही. पण आता तो यंत्रांना लावून पाहा. कुंपण-कटर एका बॅटरीवर तासाहून बराच जास्त चालतो, कारण दाते पुढे-मागे करायला शक्ती थोडीच लागते. ट्रिमर खटका दाबल्याचा अर्धा-पाऊण तास देतो; दोन तासांच्या खटक्याला चार बॅटऱ्या पुरतात. हातातला ब्लोअर पूर्ण जोरावर आठशे वॅट ओढतो. 180 भागिले 800, तेरा मिनिटे. पाठीवरचा मोठा पेट्रोल ब्लोअर पूर्ण थ्रॉटलवर तासाला लिटरभर, कधी जास्त पितो. त्याची जागा घ्यायची तर तासाला दहा-बारा बॅटऱ्या. त्या सोमवारी माझ्या बारापैकी नऊ बॅटऱ्या दोन ब्लोअरनी खाल्ल्या होत्या.

म्हणून पहिल्या पत्रलेखकाला माझे उत्तर असे: बॅटरीची यंत्रे धंद्यात चालतात, कापण्याचे काम ती आजच नीट करतात. अडते ते फुंकण्यापाशी. आणि फुंकण्यापाशी अडल्यावर मी आणखी बॅटऱ्या घेतल्या नाहीत, आम्ही इतके फुंकतो कशाला हे विचारले.

उत्तर कंत्राटात होते. जवळजवळ प्रत्येक कंत्राटात एक ओळ असे: दर भेटीला हिरवळीवर आणि वाटांवर एकही पान, एकही काडी राहता कामा नये. ही ओळ कोणी कधी विचार करून लिहिली असेल असे मला वाटत नाही. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर ती उतरत आली आहे. पण मुलांचे कान त्याच ओळीने खाल्ले. मी एकेका ग्राहकाकडे जाऊन ती बदलून घेतली. आता वाटा, पायऱ्या आणि दारे स्वच्छ करायची. हिरवळीवरचा कापलेल्या गवताचा बारीक चुरा तिथेच सोडायचा. गळलेली पाने मोव्हरखाली बारीक करून मातीत जाऊ द्यायची, फार जाड थर असेल तर दाताळ्याने ओढायची. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचे नाही, म्हणजे चुरा बारीक राहतो आणि दोन दिवसांत दिसेनासा होतो. दोघांनी नकार दिला, ती कामे गेली. बाकीच्यांनी मानले. एका वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेने विचारले, "पानं राहिली तर हिरवळ मरणार नाही ना?" मी तिला तिथेच बसून दाखवले: ओंजळभर बारीक केलेली पाने गवतावर टाकली आणि हाताने विस्कटली. ती गवताच्या बुडाशी जाऊन बसली.

हा चुरा नुसता कचरा वाचवत नाही. कापलेले गवत जागेवर सोडले तर हिरवळीला लागणाऱ्या नत्राचा चौथा हिस्सा तरी त्यातून परत मिळतो. तेवढे रासायनिक खत कमी. इथे मला दुसऱ्या पत्रलेखकाशी थोडे बोलायचे आहे. पेट्रोल बंद केले की हिरवळ पर्यावरणपूरक झाली असे त्यांनी गृहीत धरले आहे. नत्राचे खत बनवायलाच प्रचंड ऊर्जा लागते. शिवाय मातीतले जिवाणू त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड करून सोडतात आणि त्या वायूची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट आहे. बॅटरीचे मोव्हर फिरवायचे आणि मुठीमुठीने खत टाकायचे, तर आवाज कमी झाला, एवढेच.

विजेविषयीही नीट बोलले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढेच काम विजेवर करायला, मोटर आणि चार्जरमधली गळती धरून, भिंतीतून दोन ते अडीच युनिट घ्यावी लागतात. वीज निव्वळ कोळशाची असेल तर युनिटमागे एक किलोच्या आसपास. म्हणजे कोळशावरच्या विजेत कार्बनचा फायदा जेमतेम आहे, नाहीच म्हटले तरी चालेल. पाणी, वारा, सूर्य यांची वीज जितकी मिसळत जाते तितका फायदा वाढतो आणि तेच जुने यंत्र काही न बदलता दरवर्षी स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या यंत्राचे तसे कधी होणार नाही. पण हवामानासाठी बॅटरी घ्या असे मी कोणाला पहिल्या दिवशी सांगत नाही. मी सांगते, चालवणाऱ्यासाठी घ्या. धुराडे त्याच्या खांद्यामागून गेले, हा फायदा वीज कुठूनही आली तरी त्याच दिवशी मिळतो.

यंत्रे बदलल्यावर कामाची पद्धत बदलावी लागते, ते कोणी विकताना सांगत नाही. जे शिकलो ते लिहिते, कोणा सहव्यावसायिकाच्या उपयोगी पडेल.

पात्याची धार. पेट्रोलच्या मोव्हरला बोथट पाते असले तरी ते रेटून नेते, गवताची टोके फाटतात आणि दुसऱ्या दिवशी हिरवळ तपकिरी दिसते, पण काम उरकते. बॅटरीवर बोथट पाते लगेच बॅटरी खाते. आता धार आठवड्यातून दोनदा लावतो. ओले गवतही तसेच. दव सुकेपर्यंत आम्ही कुंपणे कापतो आणि मग मोव्हर काढतो.

ब्लोअरचा खटका. पंख्याचे गणित असे की हवेचा वेग जरा वाढवला तर शक्ती घनाने वाढते. उलटही खरे: वेग चौथ्या हिश्शाने कमी केला तर शक्ती निम्म्याहूनही कमी लागते. कोरडा चुरा वाटेवरून ढकलायला पाऊण वेग पुरतो. हे मी मुलांना तोंडी सांगून काही झाले नाही. मग एकाच भरलेल्या बॅटरीवर एकाला पूर्ण खटक्यावर आणि दुसऱ्याला पाऊण खटक्यावर चालायला लावले. पहिल्याचा ब्लोअर बंद पडला आणि दुसरा पुढे निघून गेला, तेव्हापासून कोणाला सांगावे लागले नाही.

उष्णता आणि थंडी. बंद गाडीत उन्हात राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, भरलेली असेल तर आणखी लवकर. नुकतीच उतरवलेली गरम बॅटरी चार्जर घेत नाही, ती थंड व्हायला वेळ लागतो; हा वेळ धरून बॅटऱ्यांची पाळी लावावी. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी भरू नये, आत धातूचा थर बसतो आणि तो परत जात नाही. हंगाम नसेल तेव्हा निम्मी भरून सावलीत ठेवावी. पडून फुटलेली, फुगलेली बॅटरी चार्जरला लावूच नये. याबाबतीत मी कठोर आहे. एका मुलाने फुगलेली बॅटरी परत लावली तेव्हा त्याला दिवसभर घरी पाठवले होते.

बॅटरीचे आयुष्य. पाचशे फेऱ्यांची बॅटरी दिवसाला दोनदा भरली आणि रिकामी केली तर अडीचशे कामाच्या दिवसांत त्या फेऱ्या संपतात. मग ती मरत नाही, पण सुरुवातीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरते. आम्ही अशा बॅटऱ्यांवर निळी पट्टी लावतो आणि त्या कुंपण-कटरला देतो, तिथे त्या आणखी दोन वर्षे सेवा करतात. ठेकेदाराने बॅटरी ही पात्यासारखी, दोऱ्यासारखी झिजणारी वस्तू म्हणूनच हिशेबात धरावी. यंत्राबरोबर आली आणि यंत्राबरोबर जाईल असे धरले तर तिसऱ्या वर्षी खड्डा पडतो. पहिला खर्च खरोखर जड आहे आणि लहान ठेकेदाराला तो एकदम झेपणार नाही. त्या फसलेल्या सुरुवातीनंतर मी कुंपण-कटरपासून पुन्हा सुरू करून चार वर्षांत बदल केला. उलट बाजूला पेट्रोल, ऑइल, प्लग, फिल्टर आणि जुन्या पेट्रोलने तुंबलेले कार्बोरेटर साफ करण्यात गेलेल्या सकाळी वाचतात. त्या सकाळींचा हिशेब पूर्वी मी कधी लिहीतच नव्हते.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही, याचा मात्र मला मनापासून राग येतो. आतले सेल सारखे, फक्त खाचा वेगळ्या. एखाद्या कंपनीचा चांगला मोव्हर केवळ बॅटरी वेगळी म्हणून मी घेऊ शकत नाही. धंद्यातल्या माणसांनी हे एकत्र येऊन मागितले पाहिजे.

आणि आवाज. बॅटरीचा ब्लोअर मुका नसतो. पंख्याचा आवाज राहतोच, चालवणाऱ्याने कान झाकायचेच, माझ्याकडे ते सक्तीचे आहे. पण भिंतीतून आरपार जाणारी इंजिनाची घरघर गेली. रुग्णालयाच्या खिडक्यांखाली आम्ही आता दुपारीही ट्रिमर चालवतो; पूर्वी परिचारिका खिडकीतून हात हलवून थांबवत.

आता ते एक पेट्रोलचे यंत्र. एका आवाराच्या मागे उताराची जमीन आहे, तिथे कमरेएवढे जाड देठाचे गवत वाढते. धातूचे पाते लावून ते तीन-चार तास सलग कापावे लागते आणि चार्जर तिथपर्यंत पोहोचत नाही. तिथे आमचे पेट्रोलचे ब्रशकटर चालते. एका माणसाने अर्ध्या तासाहून जास्त चालवायचे नाही, तिघे पाळीपाळीने. मोठमोठ्या मैदानांवर बसून चालवायची यंत्रे असतात, त्यांचाही मी अनुभव सांगू शकत नाही. आमची सगळी आवारे पायी फिरण्याएवढी आहेत. आज सगळेच बंद करा म्हणणाऱ्या वाचकाने त्या उतारावर एकदा यावे अशी माझी इच्छा आहे. मीही ते यंत्र बंद व्हायची वाट पाहते आहे.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे पत्र इतके लांबले ती सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेचे कंत्राट मिळाले. अटींमध्ये ठळक लिहिले होते: देखभाल पर्यावरणपूरक पद्धतीने, बॅटरीवरच्या यंत्रांनीच व्हावी. मला आनंद झाला. पहिल्या दिवशी मुकादमाने दुपारच्या सुट्टीत चार्जर लावायला सॉकेट मागितले. पहारेकरी म्हणाला, परवानगी नाही. मी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की बाहेरच्या ठेकेदाराला वीज देण्याची तरतूद नाही. मी विनंतीचे पत्र दिले, स्मरणपत्र दिले, दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत आम्ही काय केले ते सांगायला मला आजही लाज वाटते. गाडीत पेट्रोलचे जनरेटर ठेवले आणि त्यावर बॅटऱ्या भरल्या. कुंपणाच्या आत शांतता होती आणि बाहेर रस्त्यावर, गाडीच्या मागे, माझ्याकडचा तोच मुलगा, बाबांच्या वेळी एकोणीस वर्षांचा असलेला, त्या जनरेटरशेजारी डबा उघडून बसलेला असे. तिसऱ्या महिन्यात मी ते काम सोडले.

दुपारच्या सुट्टीत आमचे पाच चार्जर तासभर चालतात. प्रत्येकी तीनशे वॅट धरले तर दीड युनिट. खोलीतले वातानुकूलन यंत्र तासभर चालले की तेवढीच वीज जाते. वीज फुकट हवी असेही मी म्हणत नाही, छोटा मीटर लावा आणि बिलातून कापून घ्या.

कंत्राटे देणाऱ्या आपल्या वाचकांना माझी विनंती आहे. 'पर्यावरणपूरक' हा शब्द अटींत घालाल तेव्हा त्याखाली तीन गोष्टी लिहा. चार्जर लावायची सावलीतली, पावसापासून आडोशाची जागा, सॉकेटसकट. हिरवळीवर चुरा आणि बारीक केलेली पाने राहतील याला मान्यता. आणि ब्लोअर कुठे चालेल, किती वेळ चालेल याची मर्यादा. एवढे असेल तर कापण्याचे काम बॅटरीवर होते, हे आमची वही दाखवते. कोणाला पाहायची असेल तर मी ती आनंदाने दाखवीन. मुकादमाचे अक्षर वाचायला थोडे कष्ट पडतात.

वसतिगृहाच्या त्या व्यवस्थापिकेने गेल्या महिन्यात पंपाच्या खोलीशेजारी आमच्यासाठी दोन सॉकेट बसवून घेतली, वर पत्र्याचे छोटे छप्पर आणि आत बॅटऱ्या ठेवायला एक फळी. मुकादमाने त्या फळीवर खडूने 'भरलेल्या' आणि 'रिकाम्या' असे दोन भाग आखले आहेत.

आपली नम्र,
हिरवळ देखभालीची एक ठेकेदार